ग्वाल्हेरात नवं घर बांधताय? थंडीची सोय नकाशावरच करून घ्या

तानसेन समारोहात डिसेंबरच्या रात्री हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी, शाल गुंडाळून गाणं ऐकलेल्या माणसाला ग्वाल्हेरची थंडी सांगायला नको. तरीही इथे नवं घर बांधणारी आपली बहुतेक मराठी कुटुंबं नकाशा काढताना फक्त उन्हाळ्याचा विचार करतात. एसीचे पॉइंट कुठे, कूलरची खिडकी कुठे, गच्चीवर टाकी कुठे, सगळं ठरतं. थंडीचं काय असं विचारलं की उत्तर येतं, "घेऊ की एखादा हीटर." मग पौषात घरातली वडीलधारी माणसं अंगावर दोन-दोन स्वेटर चढवून एकाच खोलीत हीटरसमोर बसून राहतात आणि बाकीचं घर गारठून जातं.

ग्वाल्हेरात घर उबदार राहील की नाही, हे बरंचसं स्लॅब पडतो त्या महिन्यात ठरतं. हीटर घ्यायचा की एसी, हा प्रश्न त्यानंतरचा आणि तुलनेनं सोपा आहे. म्हणून या लेखात यंत्रं जरा उशिरा येतील.

आधी थंडी ओळखा

इथे थंडी दोन प्रकारची पडते. एक निरभ्र आकाशाची: पहाटे पारा चार-पाच अंशांवर, पण दहा वाजेपर्यंत लख्ख ऊन आणि दुपारी वीस-बावीस अंश. या थंडीला घर स्वतःच तोंड देऊ शकतं, दक्षिणेकडे खिडकी असली म्हणजे झालं. दुसरी धुक्याची. सूर्य दिवस-दिवस दिसत नाही, दुपारीही बारा-चौदा अंश, आणि भिंती रोज थोड्या-थोड्या गार होत जातात. हवामान खातं मैदानी भागात 'शीत दिवस' म्हणतं तो हाच: किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली, आणि कमाल तापमान नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी. असे तीन-चार दिवस सलग आले की चौथ्या दिवशी घरात बाहेरच्याइतकंच गार वाटतं. तुमची व्यवस्था या दिवसांसाठी हवी.

मात्र हा काळ साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंतचा, फार तर वसंत पंचमीपर्यंतचा. त्यानंतर एप्रिल ते जून पारा ४० ते ४५च्या आसपास फिरतो. दीड-दोन महिन्यांच्या थंडीसाठी युरोपातल्यासारखं सेंट्रल हीटिंग, बॉयलर, भिंतीभिंतीत पाइप हा खर्च इथे पटण्यासारखा नाही. थंडीसाठी खर्च करताना प्रत्येक वेळी विचारा, हे मे महिन्यात कामाला येणार आहे का? 'हो' असेल तर हात आखडू नका.

कोणती खोली, किती वेळ

एक कागद घ्या. प्रत्येक खोलीपुढे लिहा: कोण बसतं, किती ते किती, आणि वय काय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८मध्ये घरांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात थंडीत घरातलं तापमान १८ अंशांखाली जाऊ नये असं सांगितलंय. वृद्ध, तान्ही मुलं आणि दम्याचे किंवा हृदयाचे रुग्ण असतील तर याहून जास्त ऊब लागू शकते. ग्वाल्हेरात छताला आणि भिंतींना काहीच न केलेल्या घरात जानेवारीच्या पहाटे वरच्या मजल्यावर साधा थर्मामीटर ठेवून बघा, १८ दिसणार नाहीत.

बहुतेक घरांत हा कागद सारखाच निघतो. आई-बाबांची खोली जवळपास दिवसभर आणि रात्रभर. बैठकीची खोली संध्याकाळी दोन-तीन तास. न्हाणीघर सकाळी वीस मिनिटं. स्वयंपाकघर शेगडीमुळे आपोआप गरम होतं. म्हणजे अख्खं घर गरम करायची गरजच नाही. एक खोली पक्की, दुसरी जमेल तशी.

मग ती पक्की खोली नकाशात योग्य जागी आणा. तळमजला, दक्षिण किंवा आग्नेय बाजू, आणि वर दुसरी खोली. वर मजला असला की त्या खोलीचं छत उघड्या आभाळाखाली येत नाही, आणि यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही. थंडीत इथे वारा वायव्येकडून येतो, म्हणून त्या कोपऱ्यात जिना, भांडारघर, गॅरेज टाका. वडीलधाऱ्यांना त्या कोपऱ्यात झोपवू नका.

दक्षिणेच्या खिडकीचं गणित सुंदर आहे. ग्वाल्हेर साधारण २६ अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंशांवर असतो आणि २१ जूनला ८७ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला आणि खिडकीची वरची कड छज्जाच्या सहा इंच खाली ठेवली, तर डिसेंबरात वरचा सव्वा फूट सोडून बाकी सगळ्या काचेतून ऊन आत येतं, आणि जूनमध्ये अख्खी खिडकी सावलीत राहते. पश्चिमेच्या मोठ्या काचेला हा हिशेब लागू होत नाही. ती उन्हाळ्यात भाजून काढते.

ऊब जाते कुठून

बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची वरच्या मजल्यावरची खोली घ्या. दोन भिंती बाहेरच्या, नऊ इंची विटांच्या. एक चार बाय पाचची साध्या काचेची खिडकी. वर उघडा आरसीसी स्लॅब. बाहेर ६ अंश, आत १९ अंश पाहिजेत. फरक १३ अंशांचा. आता ही ऊब टिकवायला किती वॉट सतत लागतील?

भिंतींतून साधारण ५३० वॉट जातात. स्लॅबमधून ५५०. काचेतून १४०. फटींतून ये-जा करणाऱ्या हवेमुळे पावणेदोनशे. एकूण १४०० वॉट. स्लॅब क्षेत्रफळानं भिंतींच्या दोन-तृतीयांश, पण ऊब भिंतींइतकीच खातो. निरभ्र रात्री तो उघड्या आभाळाकडे उष्णता फेकत असतो, तेव्हा प्रत्यक्षात याहून वाईट.

त्याच खोलीच्या स्लॅबवर दोन इंची एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोमचा बोर्ड) टाका, भिंती आठ इंची एएसी ब्लॉकच्या (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) करा, खिडकीला दुहेरी काच आणि नीट रबर लावा. स्लॅबमधली गळती ८७ वॉटवर येते, भिंतींची २००वर, काचेची ७०वर, हवेची ९०वर. एकूण साडेचारशेच्या आत. त्यात झोपलेली दोन माणसं स्वतःच दीडशे वॉटच्या आसपास उष्णता देतात. तीच खोली, तीच थंडी, आणि गरज तिसऱ्या हिश्श्यावर आली.

आकड्यांपलीकडे अंगाला जाणवणारा एक फरक आहे. उघड्या स्लॅबच्या खोलीत हवा १९ अंश केली, तरी छताचा आतला पृष्ठभाग १५च्या जवळपास राहतो. आपलं शरीर त्या गार छताकडे सतत उष्णता देत बसतं. म्हणून रिमोटवर २२ दिसत असूनही आजी म्हणते, "गार लागतंय गं." तिचं बरोबर असतं. बोर्ड टाकल्यावर तेच छत १८ अंशांवर येतं.

स्लॅबवरचं काम: इथे घाई नको

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाडजूड आणि छतावर मातीचे थर. उत्तरेत छतावर मातीचा फुस्का (भुसा मिसळलेल्या मातीचा थर) किंवा उलटी मडकी मांडायची पद्धत होतीच. उन्हाळा-हिवाळा दोन्ही अडवायचा, हा त्यामागचा विचार. आज सहा इंची काँक्रीट टाकून आपण तो विचारच सोडून दिला. काँक्रीट उष्णता अडवत नाही. दोन इंची एक्सपीएस जेवढं अडवतं तेवढ्यासाठी साडेआठ फूट जाडीचं काँक्रीट लागेल. ऊर्जा मंत्रालयानं २०१८मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली, तिच्यात छताची यू-व्हॅल्यू १.२ वर जाऊ नये असं आहे. उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू तीनच्या वर असते, बोर्ड टाकल्यावर ०.५च्या आसपास. हा आकडा जितका लहान तितकी ऊब कमी निसटते.

कामाचा क्रम असा ठेवा. स्लॅब क्युअर झाला (पाणी मारून पक्का झाला) की झाडून, धुऊन कोरडा करा. वॉटरप्रूफिंगचे थर द्या, पॅरापेटवर निदान नऊ इंच वर चढवून. मग गच्चीवर पाण्याचं तळं करा आणि दोन दिवस खालून बघत राहा. ओल दिसली तर आत्ताच दुरुस्त करा, बोर्ड टाकल्यावर गळती शोधणं फार कठीण जातं. त्यानंतर बोर्ड मांडा. सांधे एका रेषेत येऊ देऊ नका, विटांच्या थरांसारखे सरकवा, आणि प्रत्येक सांध्यावर टेप लावा. वर प्लास्टिकची शीट, मग जाळी घालून उताराचं काँक्रीट, आणि सगळ्यात वर पांढरी चायना मोझॅक. पांढऱ्या रंगाचा फायदा मे महिन्यात कळेल.

ठेकेदार बहुधा म्हणेल, "साहब, ऊपर से फॉल्स सीलिंग करवा लेना, वही बात है." ती बात वही नाही. आतून केलेल्या फॉल्स सीलिंगमध्ये इन्सुलेशन भरलं तर थंडीत उपयोग होतो, पण उन्हाळ्यात स्लॅब दिवसभर तापतोच. बांधलेल्या घरात दुसरा मार्ग नसेल तरच ते करा.

बजेट अपुरं असेल तर कुठे कापायचं? दुहेरी काच सोडा, जाड पडदा लावा. भिंती विटांच्या चालतील. छतावरचा बोर्ड मात्र सोडू नका.

उदबत्ती घेऊन फिरा

दारं-खिडक्या बसल्यावर, वारा असेल त्या संध्याकाळी, सगळं बंद करून एक उदबत्ती पेटवा आणि चौकटींच्या कडेनं हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. बहुतेक घरांत तो तीन ठिकाणी वाकतो: सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीच्या खालच्या रुळाशी, दाराच्या खालच्या फटीशी, आणि एक्झॉस्ट फॅनच्या भोकाशी. चौथी जागा लक्षात येत नाही, ती म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यातली प्लास्टरनं झाकलेली पोकळी. तिथे फोम किंवा सिलिकॉन भरून घ्या. दाराला खाली ब्रशची पट्टी, एक्झॉस्टला आपोआप मिटणाऱ्या पाकळ्या. खिडक्या अजून घ्यायच्या असतील तर वडीलधाऱ्यांच्या खोलीला सरकत्याऐवजी उघडणाऱ्या घ्या. त्या रबरावर घट्ट दाबून बसतात.

आता यंत्र

क्वार्ट्झ, हॅलोजन, ब्लोअर, ऑइल हीटर यांपैकी कुठलाही घ्या, एक युनिट वीज खाऊन तो एक युनिटच उष्णता देतो. 'आमचा हीटर कमी वीज खातो' असं दुकानदार सांगतो, त्याचा अर्थ एवढाच की तो कमी गरम करतो. फरक आहे तो उष्णता देण्याच्या पद्धतीत. क्वार्ट्झ आणि हॅलोजन समोरच्या माणसाला लगेच ऊब देतात, खोलीला नाही. अभ्यासाच्या टेबलाखाली ठीक, पांघरुणाजवळ धोक्याचे. ब्लोअर हवा पटकन तापवतो, बंद केला की दहा मिनिटांत पुन्हा गार. तेल भरलेला, ९ किंवा ११ फिनचा ऑइल हीटर उशिरा तापतो पण थर्मोस्टॅटवर रात्रभर शांतपणे चालतो. त्याची तार लाल होत नाही, म्हणून झोपायच्या खोलीत या चौघांत तोच बरा. त्याच्यावर टॉवेल वाळत घालू नका.

विजेचा हीटर 'ऑक्सिजन खातो' हा गैरसमज आहे. त्यात काही जळतच नाही. नाक-घसा कोरडा पडतो त्याचं कारण वेगळं: १० अंशांची ८० टक्के आर्द्रतेची हवा २० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ४०च्या जवळ येते. पसरट भांड्यात पाणी ठेवा.

माझी शिफारस मात्र 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर एसीची आहे, निदान त्या एका पक्क्या खोलीसाठी. फ्रिज जसा आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसा हा एसी थंडीत बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. वीज लागते ती फक्त ही ने-आण करायला, म्हणून एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळते. बाहेर उणे पंधरा असतं तर एवढी मिळाली नसती. ग्वाल्हेरची थंडी या यंत्राला अगदी सोयीची आहे.

हिशेब करून बघा. विजेचा दर ८ रुपये धरा, रोज १० तास. उघड्या स्लॅबच्या त्या खोलीला १४ युनिट उष्णता लागते: ऑइल हीटरनं रोजचे ११२ रुपये, एसीनं अडतीसच्या आसपास. पन्नास दिवसांचे ५६०० विरुद्ध १९००. छत-भिंती नीट केलेल्या खोलीत हेच आकडे रोजचे ३६ आणि १२ होतात. आणि तोच एसी उन्हाळ्यात चालतो, म्हणजे त्या खोलीसाठी वेगळा एसी घ्यायचा नाही.

विकत घेताना पुढच्या गोष्टी स्वतः वाचा, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर राहू नका:

- स्टार लेबल थंडाव्याचं असतं. आपल्याकडे एसीवरचे तारे उन्हाळ्यातल्या कामगिरीवर दिले जातात. पाच तारे म्हणजे हीटिंग उत्तम असं नाही. माहितीपत्रकात 'हीटिंग कपॅसिटी' किती किलोवॉट आणि त्यासाठी वीज किती, हे बघा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, तीन किंवा जास्त आले पाहिजेत.
- हीटिंग बाहेरच्या किती तापमानापर्यंत चालतं? शून्याच्या खालपर्यंत चालणारं घ्या.
- वर सांगितलेल्या खोलीला एक टन पुरतो. मोठा घेतला तर तो सारखा चालू-बंद होत राहतो.
- रिमोटमध्ये तापमानाचा सेन्सर आहे का? भिंतीवरचं युनिट छताजवळची गरम हवा मोजतं आणि लवकर थांबतं. खाली पलंगाशी अजून गारच असतं. रिमोट उशाशी ठेवून तिथलं तापमान मोजणारी सोय असेल तर फार उपयोगी पडते. पट्ट्या खाली वळवा, पंखा सगळ्यात हळू फिरवा.

बाहेरच्या युनिटखाली पाणी जायची वाट ठेवा. उन्हाळ्यात पाणी आतल्या युनिटमधून येतं, थंडीत बाहेरच्या युनिटमधून टपकतं. ते शेजाऱ्याच्या दारात किंवा जिन्यावर पडू देऊ नका. धुक्याच्या पहाटे बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतं, तेव्हा यंत्र काही मिनिटं उलटं चालून ते वितळवतं. आत पंखा थांबतो आणि बाहेरून पांढरी वाफ निघते. लोक धूर समजून घाबरतात आणि मेन स्विच बंद करतात. घरातल्या सगळ्यांना हे आधीच सांगून ठेवा, विशेषतः दिवसा एकट्या असणाऱ्या आई-बाबांना.

फरशीखालून गरम करण्याची पद्धत, विजेची जाळी किंवा गरम पाण्याचे पाइप, ही पायांना फार सुखाची असते. पण तिला तापायला तास-दोन तास लागतात, खाली इन्सुलेशन नसेल तर बरीच ऊब जमिनीत जाते, आणि पुढे दुरुस्ती म्हणजे फरशी उखडणं. संधिवात असलेल्या माणसाच्या न्हाणीघरात छोटी जाळी टाकायला हरकत नाही. बैठकीत दोनशे फूट कोटा स्टोन त्यासाठी उकरण्यात अर्थ नाही; गालिचा अंथरा.

न्हाणीघरात हलवता येणारा हीटर कधीही नेऊ नका. भिंतीवर उंच बसवायचा, पाण्याचे शिंतोडे सहन करणारा इन्फ्रारेड हीटर मिळतो, त्याचा स्विच बाहेर ठेवा.

वायरिंग

२००० वॉटचा हीटर जवळपास ९ अँपिअर खेचतो. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तो चालवला की आधी प्लग पिवळा पडतो, मग वितळतो. हीटरच्या जागी १६ अँपिअरचं सॉकेट आणि निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. एसी आणि गीझरला प्रत्येकी ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी. सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. एक्स्टेंशन बोर्डावर हीटर लावायची वेळच येऊ नये, म्हणून पलंगाची जागा आधी ठरवा.

सकाळी सातला गीझर, हीटर, एसी आणि पाण्याची मोटर एकदम चालू होतात. हा बेरजेचा आकडा काढून वीज कंपनीकडे मंजूर भार तेवढा मागा. गच्चीवर सोलर बसवणार असाल तर प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. धुक्याच्या दिवसांत पॅनेल फार कमी वीज देतात, पण नेट मीटरमुळे (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर) वर्षाचा हिशेब जुळतो.

शेगडी आणि कोळसा

याबद्दल मी कुणाचीही भीड ठेवत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी, अंगीठी किंवा गॅसचा हीटर ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो, आणि झोपेतल्या माणसाला जागच येत नाही. दर हिवाळ्यात उत्तर भारतात कुटुंबंच्या कुटुंबं अशी जातात. आणि आपण नुकत्याच सगळ्या फटी बुजवल्या आहेत, त्यामुळे नव्या घरात हा धोका जुन्या वाड्यापेक्षा जास्त. राखणदाराच्या किंवा कामवाल्या बाईंच्या खोलीतही हेच. त्यांना सांगून भागत नाही, एक ऑइल हीटर आणि त्याचं सॉकेट त्या खोलीतही द्या. वीज गेली तर रबरी पिशवीत गरम पाणी आणि पिंजून घेतलेली कापसाची रजई.

वॉरंटी संपण्याआधी

एसी बहुधा उन्हाळ्यात बसतो, आणि तेव्हा हीटिंग तपासलं जात नाही; बाहेर फार गरम असलं तर बरीच यंत्रं हीटिंग सुरूच करत नाहीत. म्हणून पहिल्या डिसेंबरात, वॉरंटी असताना, एखाद्या पहाटे ते २० अंशांवर तासभर चालवा. पलंगाच्या उंचीवर थर्मामीटर ठेवा आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. तासाभरात १८ गाठले नाहीत, तर गॅस कमी असेल, वायरिंगमध्ये व्होल्टेज पडत असेल किंवा दाराखालची पट्टी निसटली असेल. तंत्रज्ञाला त्याच पहाटे बोलवा, दुपारी ऊन आल्यावर नाही. दिवाळीची साफसफाई करताना एसीचे फिल्टर धुऊन घ्या, कारण उन्हाळाभराची धूळ त्यांवरच साचलेली असते.